सोळा स्वप्ने : प्राचीन जगातील स्वप्नविचार आणि श्रमण परंपरा

पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सवात गर्भकल्याणकाची रात्र ही आबालवृद्धांच्या विशेष आवडीची असते. मंडपातील दिवे मंद होतात, भगवंतांच्या मातेच्या भूमिकेतील श्राविका शय्येवर निद्रिस्त झालेली दिसते आणि एकामागून एक सोळा शुभ चिन्हे प्रेक्षकांसमोर येऊ लागतात. ऐरावत हत्ती, शुभ्र वृषभ, सिंह, कमलासना लक्ष्मी, दोन पुष्पमाला, चंद्र, सूर्य, सुवर्णकलशांची जोडी, मीनयुगल, पद्मसरोवर, समुद्र, सिंहासन, देवविमान, नागेंद्रभवन, रत्नराशी आणि धूरविरहित अग्नी. या प्रसंगाचे सवाल उत्साहाने घेतले जातात, कुमारिका मातेची सेवा करतात आणि प्रातःकाळी राजसभेत स्वप्नांची फले सांगितली जातात. घराघरांतील लहान मुलांनाही ही सोळा चिन्हे क्रमाने पाठ असतात.

जैन वाङ्मयात सोळा स्वप्नांची आणखीही एक मालिका आहे. ती रंगमंचावर येत नाही आणि तिचे सवालही होत नाहीत. तिच्यात हत्तीच्या खांद्यावर माकड बसलेले आहे, सुवर्णपात्रात कुत्रा खीर खात आहे, रत्नांवर धूळ साचली आहे आणि सरोवर मध्येच आटून गेले आहे. पहिली मालिका मातेने पाहिली. दुसरी राजाने पाहिली. पहिलीत येणाऱ्या तीर्थंकराचे मंगल आहे, तर दुसरीत त्या तीर्थंकराच्या अनुयायांचे पुढे काय होणार याचे चित्र आहे. या दोन्ही मालिकांचा अर्थ नीट उलगडायचा असेल, तर स्वप्नाकडे प्राचीन जग कोणत्या दृष्टीने पाहत होते हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

स्वप्नाचा सर्वांत जुना सविस्तर लेखी वृत्तांत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये सापडतो. लगश नगरीचा शासक गुडिआ याने इ.स.पू. २१२५ च्या सुमारास मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर एका मंदिराच्या बांधणीची हकीकत कोरून घेतली. इ.स. १८७७ मध्ये तेल्लो येथील उत्खननात मिळालेले हे दंडगोल पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. गुडिआला स्वप्नात आकाशाएवढा उंच पुरुष दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंस सिंह होते आणि तो आपले घर बांधण्यास सांगत होता. एक स्त्री ताऱ्यांची पाटी न्याहाळत होती, एक वीर निळ्या पाषाणाच्या पाटीवर वास्तूचा आराखडा काढत होता. गुडिआला यातील काहीच उमगले नाही. तो नावेत बसून नान्शे देवीच्या मंदिरी गेला आणि माता म्हणून तिला अर्थ विचारला. तो पुरुष म्हणजे आपला बंधू निनगिर्सू देव, असे देवीने सांगितले आणि गुडिआने मंदिर उभारले. येथे स्वप्न पाठवणारा देव, अर्थ सांगणारी देवी आणि आज्ञा पाळणारा राजा, असे सारे सूत्र सरळ आहे.

इजिप्तमध्येही हाच विचार दिसतो. गिझाच्या विराट सिंहमूर्तीच्या पुढील पंजांमध्ये एक शिला उभी आहे. इ.स.पू. १४०० च्या सुमारास राज्य करणाऱ्या चौथ्या थुटमोस राजाने ती कोरविली. राजपुत्र असताना तो शिकारीहून परतताना या मूर्तीच्या सावलीत झोपला. सूर्यदेवाने स्वप्नात येऊन सांगितले की, माझ्या अंगावर साचलेली वाळू दूर कर, तुला राज्य मिळेल. हा राजपुत्र गादीचा निर्विवाद वारस होता की नाही, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. राज्याधिकाराला देवाची संमती असल्याचे सांगण्यासाठी स्वप्नासारखा सोयीचा साक्षीदार दुसरा नाही. त्याची उलटतपासणी कोणाला करता येत नाही.

राजेरजवाड्यांच्या बाहेर सामान्य माणसांची स्वप्ने कशी वाचली जात, हे इजिप्तच्याच एका पपायरसवरून कळते. देर अल मदिना या कारागिरांच्या वसाहतीतील एका लेखनिकाच्या संग्रहात तो होता. आज तो ब्रिटिश संग्रहालयात आहे. काळ इ.स.पू. तेरावे शतक. त्यात ‘मनुष्याने स्वप्नात अमुक पाहिले तर’ असे म्हणून पुढे ‘शुभ’ किंवा ‘अशुभ’ आणि मग फल दिलेले आहे. ‘अशुभ’ हा शब्द तांबड्या शाईने लिहिलेला आहे. मोठे मांजर दिसले तर भरघोस पीक येईल. आरशात स्वतःचे मुख दिसले तर दुसरी पत्नी येईल, म्हणून ते अशुभ. यांतील कित्येक अर्थ केवळ शब्दांच्या उच्चारसाम्यावर बेतलेले आहेत. वाईट स्वप्नावर उतारा म्हणून देवीची प्रार्थना करून, ताज्या वनस्पती, बिअर आणि गंधरस यांत भिजविलेली भाकरी तोंडाला चोळण्यास सांगितले आहे. असुरियाचा राजा अशुरबनिपाल (इ.स.पू. सातवे शतक) याच्या निनेवे येथील ग्रंथसंग्रहातही स्वप्नफलांच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. तेथील एक उतारा असा की, मातीच्या गोळ्याला आपले स्वप्न सांगावे आणि तो गोळा पाण्यात विरघळवून टाकावा. गोळ्याबरोबर स्वप्नही विरते, अशी ती श्रद्धा होती.

ग्रीक लोकांनी स्वप्नाचा उपयोग रोगनिवारणासाठी केला. एपिडॉरस येथील अ‍ॅस्क्लेपियस देवाच्या मंदिरात रोगी रात्री झोपत आणि स्वप्नात देव येऊन उपचार करतो असे मानत. बऱ्या झालेल्यांच्या हकीकती इ.स.पू. चौथ्या शतकातील शिलांवर तेथे कोरलेल्या आहेत. मात्र त्याच शतकात अ‍ॅरिस्टॉटलने या समजुतीलाच हात घातला. स्वप्ने देव पाठवीत असता तर त्याने ती शहाण्या आणि उत्तम माणसांना निवडून पाठविली असती. प्रत्यक्षात ती कोणालाही पडतात, काही प्राण्यांनाही पडतात, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे इ.स. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस याने स्वप्नफलांवर पाच भागांचा ग्रंथ रचला. एकच स्वप्न श्रीमंताला एक फल देते आणि गरिबाला दुसरे, तेव्हा स्वप्न पाहणाऱ्याचा व्यवसाय, सांपत्तिक स्थिती आणि देशाचार विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये, असा त्याचा आग्रह होता. पुस्तकात पाहून फल सांगणाऱ्यांच्या मानाने हे बरेच पुढचे पाऊल म्हटले पाहिजे.

भारतातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ऋग्वेद आणि अथर्ववेद यांत दुःस्वप्न दूर व्हावे म्हणून सूक्ते आहेत. तेथे वाईट स्वप्न ही जणू अंगाला चिकटलेली बाधा आहे आणि ती शत्रूकडे घालवून द्यावयाची आहे. बृहदारण्यक उपनिषदाने मात्र दिशाच बदलली. स्वप्नात जे रथ, घोडे आणि मार्ग दिसतात ते तेथे नसतातच, आत्माच ते निर्माण करतो, असा विचार त्यात आला आणि स्वप्नाचे उगमस्थान बाहेरून आत आले. चरकसंहितेने स्वप्नांचे सात प्रकार केले : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी सूचक आणि वातादी दोषांपासून उत्पन्न झालेले. यांतील पहिली पाच निष्फळ, असे चरकाचे स्पष्ट मत आहे. दिवसा पडलेले, फार लांब किंवा अगदी तोकडे स्वप्नही निष्फळच. वैद्याला रोग्याच्या स्वप्नात रस होता. पण दहांतील बहुतेक स्वप्नांना काही अर्थ नसतो, हे सांगण्याइतका तो सावधही होता.

या पार्श्वभूमीवर जैन विचाराकडे वळले की पहिलीच गोष्ट लक्षात येते ती ही, की येथे स्वप्न पाठविणारा कोणी नाही. निद्रा ही दर्शनावरणीय कर्माच्या उदयाने येते. त्या कर्माच्या नऊ भेदांपैकी पाच भेद निद्रेचेच आहेत : निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. ज्यांचे घातिकर्म क्षीण झाले त्या केवली भगवंतांना निद्रा नाही. अठरा दोषांच्या यादीत निद्रेची गणना होते आणि अरिहंत त्या सर्व दोषांपासून मुक्त असतात. निद्रा नाही तेथे स्वप्नही नाही. म्हणजे स्वप्न हे कितीही शुभ असले तरी ते संसारी जीवाचेच असते. तीर्थंकरांची माता स्वप्न पाहते. तीर्थंकर झाल्यावर भगवंत स्वप्न पाहत नाहीत.

श्वेतांबर आगमांपैकी व्याख्याप्रज्ञप्ती अर्थात भगवतीसूत्रात या विषयाची सूक्ष्म चर्चा आहे. जीव गाढ झोपेत स्वप्न पाहत नाही आणि पूर्ण जागेपणीही पाहत नाही. तो काहीसा सुप्त, काहीसा जागृत अशा अवस्थेत स्वप्न पाहतो, असे तेथे म्हटले आहे. स्वप्नदर्शनाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत यथातथ्य स्वप्नाबरोबरच दिवसाच्या चिंतेतून उद्भवणारे, उलट फल देणारे आणि अस्पष्ट असेही प्रकार आहेत. बेचाळीस स्वप्ने आणि तीस महास्वप्ने मिळून बहात्तर ही संख्या तेथेच येते. तीस महास्वप्नांपैकी चौदा तीर्थंकरांची आणि चक्रवर्तींची माता पाहते, सात वासुदेवाची, चार बलदेवाची आणि एक मांडलिक राजाची माता पाहते. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने सोळा आहेत. श्वेतांबर मालिकेतील ध्वज येथे नाही आणि मीनयुगल, सिंहासन व नागेंद्रभवन ही तीन अधिक आहेत. प्राकृतात ध्वजाला ‘झय’ आणि माशाला ‘झस’ म्हणतात, हे ध्वनिसाम्य या फरकाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वप्नानंतर काय घडते, यातही दोन्ही परंपरांचे आपापले वैशिष्ट्य आहे. कल्पसूत्रात राणी त्रिशला स्वप्न सांगून परत आल्यावर पुन्हा झोपत नाही. नंतर एखादे वाईट स्वप्न पडून या उत्तम स्वप्नांचे फल नाहीसे होऊ नये म्हणून ती देवगुरूंच्या मंगल कथांत उरलेली रात्र जागून काढते. सकाळी राजा सिद्धार्थ स्वप्नलक्षणपाठकांना बोलावतो. ते आधी आपसात विचार करून एकमत करतात आणि मगच बोलतात. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात पाठकांची आवश्यकताच पडत नाही. माता मरुदेवी आपली सोळा स्वप्ने पती नाभिराजांना सांगते आणि अवधिज्ञानाच्या बळावर नाभिराजच एकेकाचे फल कथन करतात. समुद्रामुळे पुत्र केवलज्ञानी होईल, नागेंद्रभवनामुळे अवधिज्ञानासह जन्मेल, निर्धूम अग्नीमुळे कर्मरूपी इंधन जाळून टाकील. गुडिआच्या स्वप्नात देवाला घर हवे होते, थुटमोसच्या स्वप्नात देवाला वाळू काढून हवी होती. मरुदेवीच्या स्वप्नात कोणी काही मागत नाही. जीवाच्या पूर्वसंचित पुण्याची ती केवळ सूचना आहे. जैन परिभाषेत ते निमित्त आहे, कारण नव्हे.

ही चिन्हे पाषाणातही आली. खजुराहो येथील घंटाई मंदिराच्या द्वारावरील पट्टिकेवर दहाव्या शतकाच्या अखेरीस ही सोळा स्वप्ने कोरलेली आहेत. बौद्ध परंपरेत मायादेवीने पाहिलेला शुभ्र हत्ती त्याहून कितीतरी आधी, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, भरहुतच्या कठड्यावर शिल्पित झाला. तो आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. महापुरुषाच्या मातेचे स्वप्न ही श्रमण परंपरांची सामाईक ठेव होती, असे यावरून म्हणता येते.

परंतु ज्या परंपरेने मातेच्या स्वप्नांचा असा गौरव केला, तिनेच मुनींना स्वप्नफल सांगून आहार मिळविण्यास मनाई केली. मूलाचारात आहाराच्या उत्पादन दोषांमध्ये ‘निमित्त’ नावाचा दोष आहे. अंग, स्वर, व्यंजन, लक्षण, छिन्न, भौम, अंतरिक्ष आणि स्वप्न या आठ निमित्तांपैकी कोणतेही सांगून मिळविलेला आहार सदोष ठरतो. उत्तराध्ययनसूत्रही लक्षणे, स्वप्ने आणि अंगविद्या यांवर उपजीविका करणाऱ्याला श्रमण म्हणत नाही. निमित्तज्ञान खोटे आहे असे आचार्यांनी म्हटलेले नाही. ते विकू नये असे म्हटले आहे. हा नियम नेहमीच पाळला गेला असे मात्र समजू नये. भद्रबाहूंच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या, पण भाषा व रचना पाहता बऱ्याच उत्तरकालीन ठरणाऱ्या ‘भद्रबाहू संहिते’त स्वप्नफलांचा स्वतंत्र अध्याय आहेच, आणि लोकांना भविष्य ऐकण्याची हौस कोणत्याही शतकात कमी नव्हती.

आता दुसऱ्या मालिकेकडे. तिचे सर्वांत परिचित असे जुने रूप बौद्ध जातककथांत, ‘महासुपिन जातका’त आहे. कोसलच्या राजाने एका रात्री सोळा भयंकर स्वप्ने पाहिली. पुरोहितांनी राज्य, प्राण किंवा धन यांवर संकट असल्याचे सांगून मोठ्या यज्ञाची तयारी चालविली आणि पशू खुंटाला बांधले. राणी मल्लिकेच्या सांगण्यावरून राजा बुद्धांकडे गेला. या स्वप्नांचे फल तुझ्या काळात नाही, दूरच्या भविष्यात राजे आणि प्रजा अधर्मी होतील तेव्हाचे आहे, तुला भय नाही, असे त्यांनी सांगितले आणि यज्ञ थांबला. त्या स्वप्नांत मोठे बैल सोडून कोवळी वासरे गाड्याला जुंपलेली आहेत, कोल्हा सोन्याच्या पात्राची विटंबना करीत आहे आणि एका तळ्याचे पाणी मध्ये गढूळ पण कडेला स्वच्छ आहे.

आदिपुराणाच्या एकेचाळिसाव्या पर्वात सम्राट भरताची सोळा स्वप्ने येतात. ब्राह्मण वर्णाची स्थापना केल्यानंतर एका रात्रीच्या शेवटी पडलेली ही स्वप्ने घेऊन भरत कैलासावर भगवान ऋषभदेवांच्या समवसरणात गेला. स्वप्ने दोन प्रकारची, हे आचार्य जिनसेन येथेच सांगतात : शरीरातील धातू सम असताना पडणारी सत्य, विषम असताना पडणारी मिथ्या, दोषांच्या प्रकोपाने होणारी मिथ्या, दैवाने होणारी सत्य. दैव म्हणजे कोणी देवता नव्हे, जीवाचे स्वतःचे पुण्यपाप. वैद्यकाचा विचार आणि कर्मसिद्धांत असे येथे एकत्र येतात.

भरताला तेवीस सिंह पर्वतावर चढताना दिसले. तेवीस तीर्थंकरांच्या काळात मिथ्या मतांची उत्पत्ती होणार नाही. चोविसावा सिंहाचा छावा एकटा असून त्याच्यामागे हरणांचा कळप होता. महावीरांच्या तीर्थात अनेक कुलिंगी निपजतील. हत्तीचा भार पाठीवर घेऊन वाकलेला घोडा दिसला. पंचमकाळातील साधूंना तपाचे सर्व गुण पेलवणार नाहीत. हत्तीच्या खांद्यावर माकडे दिसली. प्राचीन क्षत्रिय वंश नष्ट होऊन अकुलीन लोक राज्य करतील. सत्कारपूर्वक नैवेद्य खाणारा कुत्रा दिसला, धुळीने मलिन झालेला रत्नांचा राशी दिसला, ढगांनी झाकलेला सूर्य आणि छायाहीन वाळलेला वृक्ष दिसला. आणि एक सरोवर दिसले, मध्ये कोरडे पण कडेने पाण्याने भरलेले. याचे फल भगवंतांनी असे सांगितले की, धर्म आर्यखंडाच्या मध्यभागातून नाहीसा होईल आणि सीमेवरच्या लोकांत टिकून राहील.

कोसलच्या राजाच्या तळ्याशी या सरोवराचे नाते उघड आहे. चित्र जवळजवळ तेच, अर्थ मात्र निराळा. जातकात गढूळ मध्य म्हणजे जुलमी करांना कंटाळून राजधानी सोडणारी प्रजा. आदिपुराणात कोरडा मध्य म्हणजे धर्माविना उरलेली धर्मभूमी. आचार्य जिनसेन हे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील, इ.स. ८३७ मध्ये त्यांनी जयधवला टीका पूर्ण केली आणि आदिपुराण त्यांच्या हातून अपूर्ण राहिले. बेचाळीस पर्वे आणि त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक लिहून त्यांची लेखणी थांबली. पुढील भाग शिष्य गुणभद्रांनी पुरा केला. म्हणजे भरताची स्वप्ने हे या महान आचार्यांच्या शेवटच्या लेखनापैकी होय. मगध आणि विदेह या तीर्थंकरांच्या विहारभूमीत जैन संघ तेव्हा पूर्वीसारखा प्रबळ राहिला नव्हता आणि दक्षिणापथात मात्र राजाश्रयाने बहरला होता. सरोवराच्या कडेला उभे राहून जिनसेनांनी सरोवराकडे पाहिले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तिसरे रूप सम्राट चंद्रगुप्ताचे. आचार्य जिनसेनांनंतरच्या कथाग्रंथांत, विशेषतः रामचंद्र मुमुक्षू यांचा पुण्यास्रव कथाकोश, अपभ्रंश कवी रइधू यांचे पंधराव्या शतकातील कथानक आणि रत्ननंदी यांचे भद्रबाहुचरित यांत ही कथा येते. चंद्रगुप्ताने रात्रीच्या अखेरच्या प्रहरी सोळा स्वप्ने पाहिली आणि श्रुतकेवली भद्रबाहूंना त्यांचे फल विचारले. कल्पवृक्षाची फांदी तुटली. यापुढे मुकुटधारी राजे दीक्षा घेणार नाहीत. सूर्य मावळला, द्वादशांगाचे ज्ञान क्षीण होईल. चंद्राला छिद्रे दिसली; जिनमतात अनेक भेद पडतील. बारा फण्यांचा सर्प दिसला. बारा वर्षांचा दुष्काळ पडेल. आलेले देवविमान परत फिरले. काजवा चमकला, उकिरड्यावर कमळ उगवले, कुत्र्याने सोन्याच्या ताटात खीर खाल्ली, कोवळी वासरे रथाला जुंपली गेली. आणि तेच सरोवर पुन्हा दिसले, या वेळी आटलेले, केवळ दक्षिणेकडे थोडे पाणी राखून असलेले.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. राजाने राज्य पुत्राला दिले, भद्रबाहूंकडून दीक्षा घेतली आणि संघासह दक्षिणेची वाट धरली. मातीचा गोळा पाण्यात विरघळवून किंवा यज्ञाचे खुंट रोवून या राजाने स्वप्नाचे निवारण केले नाही.

इतिहासाच्या दृष्टीने या कथेचा सर्वांत जुना लेखी आधार श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरी टेकडीवरील शिलालेख होय. बी. लुईस राइस यांनी इ.स. १८८९ मध्ये तेथील लेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याची चर्चा चालू आहे. इ.स. ६०० च्या सुमारासच्या या लेखात अष्टांग महानिमित्त जाणणाऱ्या भद्रबाहूस्वामींनी उज्जयिनीत बारा वर्षांच्या संकटाचे भाकीत केले आणि सर्व संघ उत्तरेकडून दक्षिणेकडे आला, असे म्हटले आहे. त्यात चंद्रगुप्ताचे नाव नाही. प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांची समाधी वर्णिली आहे, आणि हेच चंद्रगुप्ताचे दीक्षानाम होय की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. इ.स. ६५० च्या सुमाराच्या तेथीलच दुसऱ्या लेखात भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मुनींची जोडी येते. श्रीरंगपट्टणजवळच्या इ.स. ९०० च्या सुमाराच्या लेखांत टेकडीवरील त्यांच्या चरणचिन्हांचा उल्लेख आहे. यांपैकी कोठेही स्वप्ने नाहीत. इ.स. ९३१ मध्ये हरिषेणांनी रचलेल्या बृहत्कथाकोशातही दुष्काळाची सूचना स्वप्नाने मिळत नाही. आहारासाठी गेलेल्या भद्रबाहूंना पाळण्यातील तान्हे बालक ‘निघून जा’ असे म्हणते आणि ते भावी संकट ओळखतात. कथा कोठे पाटलीपुत्रात घडते, कोठे उज्जयिनीत. कोठे चंद्रगुप्त हा मौर्यवंशाचा संस्थापक आहे, तर कोठे त्या वंशातील संप्रती चंद्रगुप्त आहे.

तेव्हा चंद्रगुप्ताची सोळा स्वप्ने ही ऐतिहासिक घटना म्हणून सिद्ध करता येत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कोणाला यात श्रद्धेची हानी वाटेल. परंतु शिलालेखातील स्थलांतराची स्मृती यामुळे दुबळी होत नाही. ती स्वतंत्र आणि बरीच जुनी आहे. उलट स्वप्ने नंतर आली असतील तर त्यांचे मोल वेगळ्या अर्थाने वाढते. पहिले स्वप्नच पाहावे. मुकुटधारी राजांमध्ये जिनदीक्षा घेणारा चंद्रगुप्त हा शेवटचा, ही नोंद तिलोयपण्णत्तीत आधीच होती. ती नोंद पुढे कल्पवृक्षाच्या तुटलेल्या फांदीचे रूप घेऊन आली. दुष्काळाची स्मृती शिलालेखात होती. ती बारा फण्यांचा सर्प झाली. संघात पडलेले भेद सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ती चंद्राची छिद्रे झाली. जे घडून गेले होते ते भविष्य म्हणून सांगितले गेले. आणि असे सांगताना कथाकारांनी स्वतःच्या समाजालाच आरसा दाखविला. सुवर्णपात्रातील खीर कोण खातो, लहान वयात दीक्षेचा रथ कोणावर लादला जातो, रत्नांवर धूळ कोणामुळे साचते, हे प्रश्न परकीयांविषयीचे नाहीत. स्वतःची उणीव आपल्याच पुराणांत आणि कथांत, तीर्थंकर आणि श्रुतकेवलींच्या मुखाने लिहून ठेवणे हे धैर्याचे काम होते. निनेवेच्या ग्रंथसंग्रहातील स्वप्नपाट्या राजाला त्याच्या शत्रूची आणि आयुष्याची वार्ता सांगतात. ही सोळा स्वप्ने संघाला संघाची वार्ता सांगतात.

सर्व सोळा फले आज जशीच्या तशी स्वीकारता येतील असे नाही. अकुलीन लोक राज्य करतील हे भय त्या काळच्या वर्णकल्पनेतून आलेले आहे. सर्व जीवांना समान लेखणाऱ्या धर्माच्या मूळ विचाराशी ते नीट जुळत नाही आणि लोकशाहीत वाढलेल्या पिढीला ते खटकणारच. उकिरड्यावरील कमळाचे फलही अनेक ठिकाणी जातीच्या भाषेत सांगितले जाते. कमळ उकिरड्यावर उगवले तरी ते कमळच आहे, असाही त्याचा अर्थ करता येतो.

श्रवणबेळगोळला जाणारे दक्षिण महाराष्ट्रातील यात्रेकरू बहुधा विंध्यगिरी चढून भगवान बाहुबलींचे दर्शन घेतात आणि वेळेअभावी समोरची लहान टेकडी राहून जाते. त्या चंद्रगिरीवर चंद्रगुप्त बसदी नावाचे छोटे मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भागात दगडी जाळ्या बसविलेल्या असून त्यांच्या चौकोनांत भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांच्या चरित्रातील प्रसंग बाराव्या शतकातील दासोज नावाच्या शिल्पकाराने कोरले आहेत. चौकोन लहान आहेत आणि गर्भगृहात जाण्याच्या घाईत त्यांच्याकडे लक्ष जात नाही. सकाळच्या वेळी जाळीतून प्रकाश आत येतो तेव्हा राजा, मुनी आणि दक्षिणेकडे निघालेला संघ हे त्या छिद्रांच्या मधल्या दगडावर काळोख्या आकृतींसारखे दिसतात.